जीपवाल्यांनी साकव कापला त्या दिवशी...

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा पोलादपूर तालुक्यात नर्स होते. आंबेनळीच्या रस्त्यावर एसटीतून उतरले आणि लसींचा डबा खांद्याला लावून एका वाडीकडे निघाले. गणपती नुकतेच होऊन गेले होते... ओढ्यांना अजून चांगलं पाणी होतं.

वाडीच्या अलीकडे असाच एक ओढा. त्यावर लोकांनी उन्हाळ्यात खांद्यावरून आणून टाकलेला ऐनाचा जाड ओंडका, आणि धरायला बांबूचा कठडा. हाच त्यांचा साकव.

पोचले तर साकवच नाही! ओंडक्याचे तुकडे पाण्यात पडलेले आणि ओढ्याच्या पात्रात एक मोठी जीप उभी. बॉनेटवर चेनसॉ, म्हणजे यंत्राची करवत, तिला ओला भुसा चिकटलेला... मुंबईहून ऑफ-रोडिंगला आलेले चार जण खुशाल फोटो काढत होते.

"हे कोणी कापलं?" मी ओरडलेच.

"मॅडम, झाड पडलं होतं. आम्ही ट्रेल क्लिअर केला," त्यांच्यातला टोपीवाला म्हणाला. वर चेहरा असा, की आमच्यावर उपकारच केलेत.

अहो, पडलेल्या झाडाला कोणी बांबूचा कठडा बांधतं का? पात्रातून जीप चढवायची हौस... साकव आडवा आला, टाकला कापून! जीपला गुडघाभर पाणी म्हणजे खेळ. शाळेसाठी रोज ओढा ओलांडणाऱ्या पहिलीतल्या पोरीला तेच पाणी कमरेपर्यंत येतं.

तेवढ्यात माझ्यामागून वाडीतल्या भागीकाकी आल्या. डोक्यावर रेशनचे तांदूळ. त्यांनी सगळं बघितलं. टोपीवाल्याने घाईघाईने पाकीट काढलं, तशा म्हणाल्या, "नोटांवरनं चालत घरी जाऊ काय रे?"

तांदूळ काठावर ठेवले, पाण्यात उतरल्या आणि जीपच्या चाकासमोरच्या दगडावर जाऊन बसल्या. "मशीन हाय ना? मंग दुसरा घालून द्या. त्याबिगर मी उठत नाय."

एकाने चक्क हॉर्न वाजवला! साठीच्या बाईसमोर! माझं डोकंच फिरलं. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मागे मोठमोठे दगड, पुढे आम्ही दोघी... जीप जाणार कुठे?

शेवटी इंजिन बंद झालं. वरच्या अंगाला वाऱ्याने पडलेला एक ऐन होता, तो त्यांनी कापला आणि जीप जागेवरच ठेवून तिच्या पुढच्या चरखीच्या दोराने ओढत आणला. आवाज ऐकून वाडीतली माणसं धावत आली, त्यांनी तो नीट बसवला. टोपीवाला स्वतः त्यावरून पलीकडे जाऊन आला, तेव्हाच काकी उठल्या. गडी उभा राहून गेला नाही हं... बसून, सरकत सरकत गेला!

मी वाडीत पोचेपर्यंत दुपार टळली होती. आया वाट बघून बघून पोरांना घेऊन शेतावर गेलेल्या. निम्मी मुलं लसीवाचून राहिली, मला पुन्हा यावं लागलं. त्याबद्दल एक 'सॉरी' नाही. उलट जाताना नव्या साकवावर उभं राहून फोटो!

अजूनही जीपवर चेनसॉ बांधलेला दिसला की माझा पारा चढतो. यंत्र वाईट नाही हो, त्याच यंत्राने दुसरा साकवही झाला. पण वाट मोकळी करण्याआधी पलीकडे माणसं राहतात का, एवढं तरी बघाल?

भागीकाकी, मी नुसतीच ओरडत होते... तुम्ही बसलात, म्हणून दुसऱ्या दिवशी पोरं शाळेत गेली.