टाळूवरची काळी खूण

कोकोचा डबा उघडला की मला कुरवंड्याचं ते सारवलेलं अंगण आठवतं. साठच्या दशकात मी भाषाशास्त्र शिकत होते आणि बोलताना जीभ नेमकी कुठे टेकते ते पाहायला आम्ही लोणावळ्याहून चालत तिथे गेलो होतो. कोळशाची पूड कोकोत कालवून जिभेला लावायची, एकच शब्द म्हणायला सांगायचा आणि टाळूवर उमटलेल्या काळ्या खुणेचा आरसा धरून फोटो काढायचा, अशी आमची पद्धत. ‘ळ’साठी शब्द ठरला होता ‘बाळू’. समोरच्या तरुण बाईनं मुकाट्यानं जीभ रंगवून घेतली, पण शब्द ऐकताच जोरात मान हलवली. तिची जाऊ हसत सुटली. "आवो बाई, त्ये तिच्या मालकाचं नाव हाय! बायकूनं नाव घ्येतलं तर मालकाचं आविष्य कमी व्हतंय." मी शब्द बदलायला निघाले, तेवढ्यात त्या बाईनं जावेला हातानंच आत जायची खूण केली आणि माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "बाळू." फोटो झाल्यावर तिनं आरसा मागून घेतला, आ करून ती खूण निरखली. "ह्ये त्येंचं नाव?" मी हो म्हटलं आणि चूळ भरायला तांब्या पुढे केला. तिनं ओठ घट्ट मिटले, हंडा उचलला आणि लाजत पाण्याला निघून गेली. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर बोलणारी जीभ हलताना दिसते. आता भाषाशास्त्रच शिकणारी माझी नात कौतुकानं दाखवते, मीही बघते. पण त्यात कुणाला तोंडात जपून न्यावं असं काही उरत नाही.