आंबलंय, परत

हसायचं असंल तर आधीच हसून घ्या, मधेच हसलात तर चहाचा ठसका लागंल. परवा माझ्या हातनं जे झालं ते सांगतो.

मी दूध संघात सव्वीस वर्षं दूध चाखण्यात घालवली, हे तुम्हाला ठाऊकच हाय. कॅनचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा, थेंब जिभेवर ठेवायचा. आंबूस लागला की थुंकायचं आणि म्हणायचं, "आंबलंय, परत." कॅन परत जायचा. माझ्या जिभेपुढं कुणाचं काय चालायचं न्हाय.

माझा दोस्त बाबूराव. त्याची पोरगी शर्वरी कागलजवळ हायवेच्या एका हॉटेलात बिअर बनवते. तिचा फोन आला, "काका, आंबट बिअर केलीया. जरा चाखून चुका काढा की."

"बिअर आंबट झाली हीच चूक की गं."

"न्हाय वो, मुद्दाम आंबवलीया."

बाबूरावला घेऊन गेलो. पहिला ग्लास कोकमाच्या बिअरचा. म्हटलं, "कोकम जास्त झालंय, खालची चव दबली." दुसरा चाखला आणि म्हणालो, "शेवटाला साबण लागतोय." शर्वरी चपापली. नळी धुताना साबण राहिला होता म्हणं. बाबूराव माझ्याकडं देवाकडं बघावं तसा बघाय लागला. मग काय, माझी छाती फुगली.

मग तिनं एक जग दोन्ही हातांनी धरून आणला. "दोन वर्षं लाकडी पिपात होती. एवढीच उरलीया." मला घोटभर ओतून दिली, आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून बाहेर गेली.

मी घोट घेतला. कानाच्या पाळ्यांपर्यंत आंबट. डोकं काही म्हणायच्या आधी सव्वीस वर्षांची सवय पुढं झाली. सिंकमधे थुंकलो, "आंबलंय, परत" म्हणालो, आणि अख्खा जग उपडा केला.

तोंड पुसतोय तर चव उघडाय लागली. आधी कच्चा आवळा. मग आवळा खाऊन पाणी प्यावं तसा गोडवा. मग जांभूळ, मग ओलं लाकूड, आणि लई मागनं गुऱ्हाळातल्या काहिलीचा वास. मी तसाच उभा. थुंकलेल्या घोटात एवढं, तर गिळलेल्यात काय असंल? जन्मभर मी आंबटाच्या उंबऱ्यावरनंच माघारी आलतो, आत कधी गेलोच न्हवतो.

शर्वरी आली. "कशी हाय काका?"

"पोरी, असलं मी जन्मात चाखलं न्हाय. अजून घोटभर दे."

तिनं जग बघितला. बाबूराव हळूच म्हणाला, "ओतली ह्यानं."

"काका, त्यातलं विरजण पुढच्या पिपाला घालायचं होतं."

विरजण. दुधातल्या माणसानं विरजण ओतून दिलं.

शर्वरीनं जग उजेडात धरला. तळाला चमचाभर गाळ चिकटून राहिला होता. तो तिनं खरवडून बाटलीत भरला आणि श्वास सोडला. "पुरंल एवढं."

"मग परत चाखाय कधी मिळंल?" मी जीव एकवटून विचारलं.

"दोन वर्षांनी या की काका," ती म्हणाली. "फकस्त जीभ आणा, हात घरी ठेवून या."