पेटी गेली कुठं?

हे मी आजवर कुठल्या सभेत बोललेलो नाही, कुठल्या पत्रकात छापलेलं नाही. घरी नाही, मंडळातल्या पोरांपुढं नाही. आणि मी काही गप्प बसणारा माणूस नव्हे — बेळगावच्या वडगावात कुणालाही विचारा. गटार तुंबलं की माझं पत्रक, बस वेळेवर आली नाही की माझं पत्रक. मग हे एवढंच तोंडातून का निघालं नाही?

आधी केबलचं सांगतो. ते सोपं आहे, कारण त्यात माझी बाजू चांगली आहे.

आमच्या भागात घराघरांत माग आहेत. तयार साड्यांचे गठ्ठे पेठेत पोचवायला आता बॅटरीच्या रिक्षा धावतात. त्यांच्यासाठी मैदानाच्या कोपऱ्यावर चार्जिंग पॉइंट झाला. आम्हीच मागणी लावून धरली होती. नव्याची नवलाई सरायच्या आत कुणीतरी केबल कापून नेली. आत तांबं असतं. लोखंड कापायची करवत असली की काम संपलं, आणि भंगारात विकताना कुणी विचारत नाही, कुठनं आणलं. नवी केबल लावली, तीही गेली. चोर दोन मुठी तांब्यासाठी एवढा घोळ घालतो आणि मागं वीस रिक्षा उभ्या राहतात. माझं आजही हे लिहिताना डोकं तापतं.

आमच्या गल्लीत लक्ष्मीआक्का आहेत. नवरा मागावर, त्या रिक्षावर. दुसऱ्यांदा केबल गेली त्या सकाळी त्या बंद रिक्षाच्या सीटवर बसून मला म्हणाल्या, "अरं, ही बॅटरीवर चालती म्हणून बरं. माझ्या रागावर चालत असती तर आत्ता कोल्हापूरला जाऊन आले असते बघ!" सगळे हसले. मी त्याच दिवशी पत्रक काढलं.

मागणी साधी होती. पोलादी पेटी बसवा. रात्री केबल गुंडाळून आत ठेवायची, कुलूप दाराच्या आतच बसवलेलं, किल्ली समोरच्या चहाच्या टपरीवर. कॅमेरा नको, पहारेकरी नको. केबल डोळ्यांना दिसलीच नाही तर कापणार कशी? अर्ज, निवेदन, धरणं — सगळं झालं. पुन्हा नवी केबल लागली, पेटी मंजूर झाली.

इथपर्यंत मी ताठ मानेनं सांगू शकतो.

आता पुढचं.

एका दुपारी मी मैदानावर एकटाच होतो. सगळीकडं माग चालू — त्या खडखडाटात शेजारच्यानं हाक मारली तरी ऐकू येत नाही. मालाचा टेम्पो आला. चालवत होते कंत्राटदाराकडचे फिटर, चाळिशी उलटलेले, गुंडूअण्णा. बरोबर कुणी नाही. मागं पेटी होती. आमची पेटी! मी धावतच गेलो. आणि पेटीचं दार बघितलं.

दारावर इशारा रंगवला होता. केबल चोरणं गुन्हा आहे, वगैरे. वर कन्नड, खाली इंग्रजी. मराठी नाही.

तुम्ही बाहेरचे असाल तर तुम्हाला हसू येईल. आमच्याकडं येत नाही. अशी पाटी बघितली की आमचा हात आपोआप आडवा जातो. घरी, शाळेच्या वाटेवर, मोर्च्यात आम्ही हेच बघत वाढलो. एक स्पष्ट सांगतो — पाटीवर तिन्ही भाषा हव्यात, हे माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही. कबुली त्याची नाही.

मी गुंडूअण्णांना म्हटलं, पेटी उतरवायची नाही. दार रंगवून आणा, मग बसवा.

ते टेम्पोतून खाली उतरले. शांत माणूस. म्हणाले, "पोरा, पेटी बसवून जातो रं. अक्षरं मागनं रंगवू की. चोर काय वाचून कापतोय व्हय?"

मी म्हणालो, एकदा बसली की बसली, मग कोण रंगवतंय? हे खोटं नव्हतं. आमच्याकडं अशा कितीतरी पाट्या 'मागनं' रंगवायच्या राहिल्या आहेत.

"मीबी मराठीच हाय," ते म्हणाले. "जांबोटीकडचा. मला बी वाईट वाटतंय. पण केबल उघडी हाय न्हवं?"

मी टेम्पोपुढं उभा राहिलो. नुसता उभा राहिलो — त्यांना ढकललं नाही, शिवी दिली नाही. त्यांनी टेम्पो वळवला आणि गेले.

मी मंडळात कुणाला बोललो नाही. का? दार रंगवून पेटी परत आली की मग थाटात सांगायचं, असं मनात होतं. मी एकट्यानं अडवली, एकट्यानं मराठी आणली. असा एक सुंदर परिच्छेद डोक्यात तयारसुद्धा होता.

पेटी परत आली नाही. त्याआधी चोर आला.

या वेळी केबल मुळापासून गेली, वर यंत्राचं तोंडही फुटलं. दुरुस्तीला पार्ट बाहेरून यायचा, असं सांगून पॉइंट बंद झाला. लक्ष्मीआक्का चार्जिंगला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायला लागल्या. जाण्यायेण्यातच निम्मी बॅटरी खर्च व्हायची. गठ्ठे वेळेवर पोचेनात, तेव्हा एका व्यापाऱ्यानं त्यांचं काम पेट्रोलच्या रिक्षाला दिलं. मला हे सगळं दिसत होतं. तेव्हा तरी बोलायला नको होतं का?

मी पत्रक काढलं.

पत्रक लिहायला शिकलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते — जे सिद्ध करता येत नाही ते प्रश्न म्हणून विचारायचं. प्रश्नचिन्हामागं उभं राहिलं की कुणी पकडू शकत नाही. मी मोठ्या अक्षरांत मथळा दिला: 'मंजूर झालेली पेटी गेली कुठं?' खाली लिहिलं, 'जनतेला उत्तर हवं आहे.' उत्तर गावात एकाच माणसाला माहीत होतं आणि तोच ते छापत होता.

म्हणजे एक चुकलं. दोघांना माहीत होतं.

पत्रक गाजलं. पेटी मंजूर करणाऱ्या कार्यालयात बैठक लागली. साहेब, कंत्राटदार, आम्ही मंडळाची पोरं, रिक्षावाले, पुढच्या रांगेत लक्ष्मीआक्का. कंत्राटदारानं गुंडूअण्णांना बरोबर आणलं होतं. अण्णांनी उभं राहून घडलं तसं सांगितलं. पेटी नेलती, ह्या पोरानं परत पाठवली. त्यांनी ते त्याच दिवशी मालकालाही सांगितलं असणार. पण सभेत मालक वर पंख्याकडं बघत बसला होता. त्याच्यासाठी हे म्हणणं सोपं होतं — माणूस गेलाच नाही, घरी बसून हजेरी लावली.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही सांगा. हे पेटी घेऊन आलते?"

काय काय वाटलं असेल मला, असं तुम्ही विचाराल. फार काही नाही. लक्ष्मीआक्कांची पाठ दिसत होती. एवढंच डोक्यात आलं की आता त्या मागं वळून बघतील.

मी म्हणालो, "न्हाय."

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. "ह्यांना मी आज पहिल्यांदाच बघतोय," असंही म्हणालो. ते कुणी विचारलं नव्हतं.

मागून आमच्यातलाच एकजण ओरडला, "घरात झोपला असंल, आणि वडगावचं नाव सांगतोय!" हशा झाला. गुंडूअण्णा काहीतरी बोलायला गेले, मग खाली बसले. त्याच आठवड्यात कंत्राटदारानं त्यांना कामावरून काढलं.

बाहेर आल्यावर लक्ष्मीआक्कांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू हुतास म्हणून रं. न्हायतर आमचं कोण ऐकतंय?"

मला तो हात बरा वाटला — हेही लिहायला हवं.

पुढं सगळं चांगलंच झालं, आणि हीच अडचण आहे. पॉइंट सुरू झाला. पेटी बसली, दारावर मराठीसुद्धा आली. पेटीशेजारी उभा राहून काढलेला माझा फोटो अजून पोरांच्या मोबाइलमध्ये फिरतो. त्यानंतर तिथली केबल गेलेली नाही. आता मला बाहेर बोलवतात, केबलचोरी कशी रोखायची ते सांगायला. गेल्या हिवाळ्यात निपाणीला गेलो होतो. हायवेजवळच्या एका पॉइंटला हाच त्रास होता. मी पेटीचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं, केबलवर गावाची खूण रंगवा म्हणून सांगितलं. एक पोरगी उठली आणि म्हणाली, "पेटी मंजूर असून तुमच्याकडं तिसऱ्यांदा चोरी कशी काय झाली, दादा?"

"माणसं कामचुकार," मी म्हणालो. "पेटी गोदामातनं हललीच नव्हती."

तिनं ते लिहून घेतलं. आणि मला कळलं, मी अडखळलोसुद्धा नाही. पहिल्यांदा 'न्हाय' म्हणताना निदान लक्ष्मीआक्कांच्या पाठीकडं लक्ष होतं. आता ते पाठ झालं होतं, माझ्या इतर भाषणांसारखं.

मग मी जांबोटीला गेलो. बसमधून उतरून बरंच चालावं लागलं, विचारत विचारत. गुंडूअण्णा गोठ्यात होते, शेण काढत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. फिटरचं काम नंतर मिळालं का, मी विचारलं. बेळगावात न्हाय मिळालं, म्हणाले. नाव खराब झालतं न्हवं. आता म्हशी, आणि भाताच्या दिवसांत लोकांकडं रोजगार. हे सांगताना आवाज चढला नाही.

मी सगळं बोललो. वाटेत जुळवून ठेवलेलं — मी खोटं बोललो, तुम्ही पेटी आणली होती, परत मी पाठवली. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

ते खोरं टेकवून ऐकत होते. मग म्हणाले, "ते मला काय सांगतोस रं? मी हुतोच की तिथं."

खोरं उचलून म्हणाले, "आमच्या हितं कुणीबी म्हणत न्हाय मी झोपलतो म्हणून. ते वडगावात म्हणत्यात."

आणि पुन्हा कामाला लागले. चहा विचारला नाही. का विचारावा?

परतीच्या बसला वेळ होता. थांब्यावर बसून मला पहिल्यांदा लाज वाटली ती याची, की मी एवढ्या लांब जाऊन ज्याला आधीच सगळं माहीत होतं अशा एकमेव माणसाला ते सांगून आलो होतो. तेही त्यानं मला हलकं करावं म्हणून.

तेव्हा वडगावकरांनो, हे तुमच्यासाठी. लक्ष्मीआक्का, तुमच्यासाठी. निपाणीच्या त्या मुलीसाठी, जिनं माझं खोटं लिहून घेतलं. गुंडूअण्णा कामचुकार नव्हते. त्या दुपारी ते वेळेवर आले होते, एकटे, सगळं सामान घेऊन, आणि जाताना मला म्हणाले होते की केबल उघडी आहे. साहेबांनी विचारलं तेव्हा ते खरं बोलले. मी खोटं बोललो. शेवटी प्रश्नचिन्ह नाही.