डाव्या खांद्याची बंदूक

माझी बायको सुहासिनी बंदूक चालवते असं ऑफिसात कुणाला सांगितलं, की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा सहानुभूतीने बघतो. दोन्हीची गरज नाही. घरात ती आवाजसुद्धा चढवत नाही, आणि बंदूक घरात नसतेच. अबुधाबीबाहेरच्या शूटिंग क्लबात ती कुलपात असते, तिथेच हातात मिळते आणि तिथेच परत द्यावी लागते.

सुहासिनी एका हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी स्टाफची सहल त्या क्लबात गेली होती. बाकीच्यांनी बंदूक धरून फोटो काढले आणि सगळे जेवणाकडे वळले. ही बया तिथेच थांबली. तेव्हापासून आमचा शनिवार गेला. शनिवारी सकाळी मला अंथरुणात चहा लागतो. हल्ली तो मी वाळवंटात, क्लबच्या काचेमागे बसून, कागदी कपातून पितो. कुरकुर करतो, पण जातो.

त्यातही हिने निवडली ती पंप शॉटगन. प्रत्येक बारानंतर नळीखालची मूठ हाताने मागे ओढायची, पुढे ढकलायची, तेव्हा कुठे पुढचं काडतूस आत जातं. सामन्यात पळत पळत लोखंडी तबकड्या पाडायच्या, मध्येच बंदुकीच्या पोटात नवी काडतुसं भरायची, आणि घड्याळ चालूच. "आपोआप चालणाऱ्या बंदुका असताना हा हातपंप कशाला?" मी एकदा विचारलं. "यात सगळं आपल्या हातात असतं," ती म्हणाली. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर लावत बसणाऱ्या माणसाला असं काहीतरी हवं असणारच.

काडतुसं भरण्यात क्लबात तिचा हात कुणी धरत नसे. नेम मात्र भिकार. बार सुटायचा, धूळ उडायची आणि तबकडी आपली जागच्या जागी उभी. तरी गेल्या ऑक्टोबरात तिने मला गाडीत सांगितलं, "जानेवारीत फुजैऱ्याला मॅच आहे. पंप गटात आपल्या क्लबकडून एक बाई जाणार. डिसेंबरात सिलेक्शन आहे. मला जायचंय." लग्नाला बावीस वर्षं झाली. हॉटेलात काय मागवायचं यावरसुद्धा 'तुम्ही म्हणाल ते' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून 'मला' हा शब्द ऐकून मी सिग्नलला गाडी सोडायची विसरलो. मागच्याने हॉर्न वाजवून आठवण केली.

क्लबात अन्वरभाई म्हणून एक उस्ताद आहेत, पेशावरकडचे. हिला 'बाजी' म्हणजे ताई म्हणतात. शिकवतातही तेच आणि बंदुकांची दुरुस्तीही तेच करतात. सिलेक्शनला नाव दिल्यावर त्यांनी हिला समोर उभं केलं. दोन्ही तळव्यांची खिडकी करून लांबचा झेंडा बघायला सांगितलं, मग डावा डोळा मिटायला लावला. झेंडा गायब. उजवा मिटला, तर झेंडा जागेवर.

"बाजी, आपकी तो बाईं आँख मालिक है, और बंदूक रखती हो दाहिने कंधे पर. निशाना कैसे लगेगा? आप लेफ्टी हो क्या?"

सुहासिनी म्हणाली, "थी."

ही भाजी डाव्या हाताने चिरते, कुलूप डाव्या हाताने उघडते, हे मी रोज बघत होतो. पण लिहिते उजव्याने, जेवते उजव्याने, प्रसाद देते उजव्याने, म्हणून मी तिला कधी डावखुरी समजलोच नाही. त्या दिवशी परतताना तिने सांगितलं. पुण्याला लहानपणी जेवायला बसली, की तिची आई तिच्या डाव्या तळव्याला रुमाल गुंडाळून गाठ मारायची. डाव्या हाताने दिलेलं कुणी खाणार नाही, असं घरात म्हणत. शाळेत जाईपर्यंत रुमाल चालला आणि मग त्याची गरज उरली नाही. हे सगळं तिने तक्रार म्हणून नाही, औषध कधी घ्यायचं ते सांगावं तशा आवाजात सांगितलं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

अन्वरभाईंकडे सोपा इलाज होता. "चष्मे के बाएँ काँच पर टेप लगा दो. कितने लोग लगाते हैं. खलास." त्यांनी टेप लावली आणि क्लबची नवी कोरी बंदूक तिच्या हातात दिली. तबकड्या धडाधड पडायला लागल्या. काचेमागे मी उठून टाळ्या वाजवल्या. तर बाईसाहेबांनी बंदूक रिकामी करून खाली ठेवली, चष्मा काढला आणि नखाने टेप सोलून टाकली.

"अन्वरभाई, बचपन में हाथ बाँधा था. अब आँख नहीं बाँधूँगी. मैं कंधा बदलूँगी."

मी चिडलो. तबकड्या पडताहेत, सिलेक्शन तोंडावर आलंय, आणि हिला आताच मानापमान सुचतोय! अन्वरभाईंनी दाढी खाजवली आणि एवढंच म्हणाले, "फिर बंदूक भी बदलनी पड़ेगी."

कारण ती नवी बंदूक उजव्यांसाठीच घडवलेली. तिच्या दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाला, उजव्या तळव्यात बसेल असा फुगवटा, आणि चुकून बार सुटू नये म्हणून असतं ते सेफ्टीचं बटन उजव्या बोटाला सापडेल अशा बाजूला. रॅकच्या कोपऱ्यात एक जुनी होती, नवशिक्यांच्या हातची, ओरखड्यांनी भरलेली. तिची सेफ्टी वर, मधोमध, अंगठ्याखाली. कुठलाही अंगठा चालेल. सुहासिनीने ती डाव्या खांद्याला लावली, अंगठा पुढे सरकवला आणि हसली. दागिन्यांच्या दुकानातही मी तिला अशी हसताना बघितलेलं नाही.

पण दस्ता लांब, सहा फुटी पुरुषाच्या मापाचा. क्लबचा दस्ता कापता येत नाही, म्हणून आम्ही दुसरा विकत घेतला. सहाशे दिरहम, म्हणजे चौदा हजार रुपये, असं मी मोठ्याने म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही. अन्वरभाई तो थोडा थोडा कापत गेले. दर वेळी ही डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि डोळे उघडल्यावर नळी नजरेच्या रेषेत आहे का ते सांगायची. दस्त्याच्या टोकाला जाड रबर बसवलं, कारण डाव्या खांद्याला धक्क्याची सवय नव्हती. काडतूस भरायच्या तोंडाची धार अंगठा सोलत होती, ती घासून गुळगुळीत केली. नळीच्या टोकाला नेम धरायला नारिंगी मणी बसवला.

एक अडचण उरली. डाव्या खांद्यावर बंदूक घेणारे उजव्या हाताने काडतुसं भरतात. ही आजवर डाव्यानेच भरत आलेली. उजव्याने करून बघितलं, तर काडतुसं वाळूत. ज्या एका गोष्टीत ती पहिली होती, तीच हातची जायची वेळ आली. शेवटी अन्वरभाई म्हणाले, "दाहिना हाथ सिर्फ थामेगा. काम बायाँ करेगा." एवढ्यावर ते जमलं.

नोव्हेंबरात सासूबाई हिवाळ्यापुरत्या पुण्याहून आल्या, आणि जमलेलं पुन्हा बिघडलं. घरी सुहासिनी लादी पुसायच्या मॉपचा दांडा खांद्याला लावून सराव करायची. आई खोलीतून बाहेर आली, की दांडा आपोआप उजव्या खांद्यावर जायचा. आमची मुलगी केया एकदा वैतागून म्हणाली, "मम्मा, यू आर फॉर्टी-सेव्हन. जस्ट टेल हर." सुहासिनीने दांडा कोपऱ्यात ठेवला आणि कुकर लावायला गेली. क्लबातही नेम डळमळायला लागला. इतक्या जवळ येऊन ही आता सोडून देणार, अशी मला भीती वाटायला लागली.

सिलेक्शनच्या सकाळी सासूबाई साडी नेसून, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन दारात उभ्या. "घरात एकटी बसून काय करू? मीही येते." नाही कोण म्हणणार?

हिच्याशी चुरस होती ती एका शाळेत शिकवणाऱ्या लेबनीज बाईशी. तिने आपली फेरी झकास संपवली. मग सुहासिनीला पुकारलं. ती रेषेवर आली, मागे वळून काचेकडे बघितलं. आई दिसली. तिने बंदूक उचलली आणि उजव्या खांद्याला लावली.

मी उठून उभा राहिलो. इतक्या खटपटीने कापून घेतलेला दस्ता, आणि शेवटी हे. माझ्या शेजारी सासूबाई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. सुहासिनी तशीच थांबली. मग तिने बंदूक खाली घेतली, एक श्वास सोडला आणि ती डाव्या खांद्यावर नेली.

शिट्टी झाली. पहिली तबकडी हलली नाही. उजव्या हाताने मूठ मागे-पुढे केली, दुसरा बार, ती पडली. मग पुढची, त्यापुढची. ती पळाली, थांबली, आणि तिचा डावा हात पट्ट्यावरून काडतुसं उचलून बंदुकीच्या पोटात असा सारायला लागला, की काचेमागचे लोक बोलायचे थांबले. शेवटची तबकडी पडली तेव्हा अन्वरभाईंनी हातातलं घड्याळ वर करून मला दाखवलं. इतक्या लांबून मला आकडा कसला दिसतोय? पण ते हसत होते.

"ती डाव्या हाताने भरते होय?" सासूबाईंनी विचारलं.

"हो. नेमही डाव्याच डोळ्याने धरते."

त्यांनी पिळलेला पदर सोडला. "सागरगोटे असेच झेलायची. आळीत तिच्याशी कुणी जिंकत नसे. माझ्या सासूबाई बोलायच्या हे खरं, पण रुमाल मीच बांधला हो, सुजीतराव. रोज रडायची." मी त्यांच्या हातातला डबा घेतला आणि आम्ही बाहेर आलो.

सुहासिनी आमच्याकडे आली, गाल लाल, केस धुळीने माखलेले. "बाजी, अब फुजैरा, इन्शाल्ला," मागून अन्वरभाई म्हणाले. तिने हात पुसले, डबा उघडला, डाव्या हाताने एक लाडू उचलला आणि आईला द्यायचा म्हणून, सवयीने, उजव्या हातात घ्यायला लागली.

सासूबाईंनी तिचं डावं मनगट धरलं.

"बदलू नकोस. त्याच हाताने दे."

तिने दिला. सासूबाईंनी तो तिथेच, वाळवंटातल्या वाऱ्यात, उभ्या उभ्या सगळा खाल्ला.