नानांची केळीची फणी

माझे सासरे तोताराम नाना कुठेही रिकाम्या हाताने जात नाहीत. चोपड्याकडे त्यांची केळीची बाग आहे. दवाखाना असो, बँक असो की आमचं धुळ्याचं घर, नानांच्या पिशवीत पिकल्या केळ्यांची फणी असतेच. माझ्या लग्नाची बोलणी करायला आले तेव्हाही आधी फणी टेबलावर आली, मग नाना बसले. समोरचा नको म्हणाला, तर नाना त्याला भिडस्त समजतात.

सातपुड्यातल्या अभयारण्यात जायची हौस माझ्या बायकोची, मोहिनीची. मी भित्रा माणूस. गल्लीतल्या कुत्र्यालाही आधी वाट देतो. पण बायको आणि सासरे निघाल्यावर जावई घरी कसा बसणार? जीप उघडी होती. हेमराज तिचा ड्रायव्हर आणि तोच गाईड. खायचं काही आत न्यायचं नाही, असं त्याने फाटकावरच बजावलं. नानांनी लगेच फणी काढून तिथल्या गार्डपुढे धरली. "घ्या साहेब, पोरेसले लई जा."

पोरांसाठीही नको, म्हणत गार्डने हात जोडून नकार दिला. नानांना वाटलं, भिडस्त आहे बिचारा, येताना पुन्हा आग्रह करू. मग त्यांनी पिशवी गुपचूप मागच्या सीटखाली, मोहिनीच्या पायाशी सरकवली. हे आम्हाला कुणालाच कळलं नाही.

सकाळभर नीलगायी दिसल्या, मोर दिसले. मी जरा सैलावलो होतो. दुपारी एका नाल्याच्या काठी हेमराजने गाडी बंद करून बोट दाखवलं. करवंदीच्या जाळीतून अस्वल बाहेर येत होतं.

"हलू नका," तो पुटपुटला. "आपोआप जाईल."

ते गेलं नाही. नाक वर करून हुंगत सरळ आमच्याकडे आलं आणि पुढचे पाय गाडीच्या कडेवर ठेवून उभं राहिलं. त्याची नखं मोहिनीच्या गुडघ्यापासून वीतभर लांब होती. हेमराजने चावी फिरवली, इंजिन लागेना.

"मोहिनी, हालू नको. मी शे आठे," आपण जवळच आहोत असा धीर देत नाना म्हणाले. हळूच वाकून त्यांनी सीटखालची पिशवी ओढली आणि अंगातला सगळा जोर लावून नाल्यात भिरकावली. अस्वल खाली उतरून पिशवीमागे गेलं. दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं आणि आम्ही सुटलो. मी मोहिनीला धरून बसलो होतो, पण खरं तर तिनेच मला धरलं होतं.

"नाना, केळी आणायची नव्हती," हेमराज म्हणाला. "आता त्याला कळलं, गाडीत खायला मिळतं. पुढची गाडी दिसली की ते तिच्यावर जाईल."

तेवढ्यात फाट्यावर दुसरी जीप नाल्याच्या वाटेला वळताना दिसली. हेमराजने हॉर्न वाजवला, हात हलवले. त्यांना वाटलं, राम राम करतोय. मागे बसलेल्या एका लहान मुलीने आम्हाला हात केला आणि गाडी झाडीत गेली. आपलं इंजिन तिथे पुन्हा बंद पडलं तर, या धास्तीने हेमराज मागे वळायला धजेना.

फाटकावर हेमराजच्या आधी नानाच गार्डपुढे उभे राहिले आणि सगळा दोष स्वतःवर घेतला. "बठ्ठी चूक मन्ही शे. केळं मी लपाडेल व्हतात."

गार्डने ती वाट बंद केली आणि गस्तीची गाडी पाठवली. आत फोन लागत नव्हता. आम्ही वाट बघत थांबलो. नाना काही केल्या बसेनात. रस्त्यावर मधोमध उभे राहून झाडीकडे बघत होते.

"मन्ही पोर वाचनी, जवाई. पन ती पोर?"

एरवी मी नानांची थट्टा करायची संधी सोडत नाही. त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना. मी बाप असतो तर मीही तेच केलं असतं, आणि मलाही हेच विचारावं लागलं असतं.

उन्हं कलल्यावर ती जीप आली. पुढे बसलेला माणूस वैतागला होता. "कसलं जंगल हे. दिवस वाया गेला. एक प्राणी दिसला नाही."

मागे ती मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती. नानांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्या माणसाचे दोन्ही हात धरले.

"बरं झायं, भाऊ," ते म्हणाले. "बरं झायं." आणि त्याचे हात न सोडता रडायला लागले.