पुस्तकाच्या पलीकडे बसलेली मुलगी

वन्सं गेल्या त्याला येत्या पौषात वर्ष होईल. घरी त्यांचा विषय निघाला की त्यांच्या हातच्या फेण्या निघतात, त्यांचा करारीपणा निघतो, शेवटच्या आजारातही स्वतःची वेणी स्वतःच घालायचा हट्ट निघतो. त्यांनी जन्मभर जे काम केलं ते मात्र निघत नाही. ते पाहिलेलं माणूस आता घरात मी एकटीच उरले आहे. मला लिहायला वेळ लागतो. एक वाक्य लिहिलं की उठून खिडकीशी जाते आणि परत येऊन तेच वाक्य खोडते. पण लिहिलं नाही तर ते माझ्याबरोबरच जाईल.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहिणी. लग्नानंतर दोन वर्षांतच कपाळ पांढरं झालं, तेव्हा रडत बसण्याऐवजी त्या पुण्याला जाऊन मास्तरणीचं शिक्षण घेऊन आल्या. मी लग्न होऊन भाईंदरला आले तेव्हा त्या इथल्या मराठी शाळेत लहान मुलांचे वर्ग घेत होत्या आणि आमच्याकडेच राहत होत्या. यजमान मिठाच्या कचेरीत कारकून. घरात माणसं तीनच, काम थोडं, आणि मला वाचनाचं वेड. दुपारी मी मागच्या दाराशी पुस्तक घेऊन बसलेली पाहून एक दिवस वन्सं म्हणाल्या, "एवढं वाचतेस ते कुणाला ऐकव तरी. चल माझ्याबरोबर." तेव्हापासून मी त्यांच्या वर्गात जाऊन बसू लागले. पगार नव्हता, हुद्दा नव्हता. मुलांची नाकं पुसायची, पाट्या पुसायच्या, आणि बघायचं.

बघण्यासारखं होतंही. शाळा म्हणजे कौलारू छपराची एक लांबट खोली. मुलं येत ती बहुतेक गोडदेवची आणि खाडीकाठची, आगरी घरांतली. आईबाप सकाळपासून मिठागरात नाहीतर भातखाचरात. अशा मुलांना वाचायला कितपत येतंय हे ठरवायची त्या काळची रीत म्हणजे मुलाला टेबलापाशी उभं करायचं, पुस्तक उघडायचं आणि "वाच" म्हणायचं. वन्संना ही रीत आवडत नसे. त्यांच्या वर्गात टेबल होतं, पण त्यावर मी त्यांना पाण्याचा तांब्या ठेवण्यापलीकडे काही करताना पाहिलं नाही. त्या मुलांमध्ये पदर खोचून उकिडव्या बसत. एखादं मूल घडाघडा वाचू लागलं की हळूच पान उलटत. मूल जुन्याच पानावरचं म्हणत राहिलं तर रागावत नसत, हसत. "पोपट छान आहे, पण मला माणूस हवाय," म्हणत. आणि जे मूल अडखळे, पुन्हा मागे जाई आणि शब्द जुळवून पुढे येई, त्याच्या पाठीवर त्यांचा हात पडे. "हे वाचतंय बघ. पाठ म्हणणारं मूल कधी मागे जात नाही," असं त्यांनी मला सांगितलं होतं. पुढे मी स्वतः शिकवू लागले तेव्हा एवढ्या एका वाक्यावर माझी कितीतरी वर्षं निभावली.

लढाईचे दिवस होते. कागद मिळेना, तशी मुलांची पुस्तकंही मिळेनाशी झाली. पहिलीत पुस्तक असलेली मुलं हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून वन्संनी वर्गाची कोंडाळी केली होती. मध्ये जमिनीवर एक पुस्तक उघडं, भोवती पाच-सहा मुलं. ज्याचं पुस्तक तो अर्थातच पुस्तकासमोर. बाकीची येतील तशी कडेने बसत, एकमेकांना ढोसत.

"अरे, तुझं डोकं बाजूला घे, मला दिसत न्हाय."

"डोकं काय घरी ठेवून येऊ?"

"ठेव. त्यात हाय काय?"

असलं चालत असे, आणि वन्सं ते चालू देत.

या कोंडाळ्यांपैकी एकात एक मुलगी होती. सातेक वर्षांची, काळीसावळी, केस मिठाच्या वाऱ्याने ताठरलेले. ती रोज उशिरा येई, कारण सकाळी बापाची न्याहारी मिठागरावर पोचवून मग शाळेत यायचं. ती येई तोवर कोंडाळं भरलेलं असे आणि पुस्तकाच्या पलीकडची, ज्याचं पुस्तक त्या वाण्याच्या मुलाच्या बरोबर समोरची जागा तेवढी शिल्लक असे. ती तिथे मांडी घाली आणि सगळ्यांबरोबर वाचू लागे. वन्संचा तिच्यावर जीव होता. "ही या वर्गात सगळ्यात पुढे आहे. वाचताना थांबते, मागे जाते, हसण्याजोगं असेल तिथे हसते," असं त्या मला घरी सांगत.

चैत्रात डिप्टीसाहेब तपासणीला यायचे होते. त्याच सुमाराला मुलीचा बाप शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत मीठ वाळलेलं, आत यायला तयार नाही.

"बाय, पोरीचा काय ता बोला. सायब येनार म्हंतात. पास झाली त बरा हाय. न्हाय झाली त पुडल्या सालाला मी न्हाय धाडनार. घरात तान्हा पोर हाय, हिची आय माझ्यासंगती आगरावं. त्याला कोन बघल?"

"ती पास होईल," वन्सं म्हणाल्या.

"तुमी म्हंताव त्ये खरा. पन सायब म्हनला पायजे ना!"

त्यात खोटं काही नव्हतं. साहेबांचा शेरा हाच शेवटचा. मुलगी वाण्याच्या मुलामागे उभी राहून सगळं ऐकत होती. त्या दिवशी ती वाचताना एकदाही हसली नाही.

डिप्टीसाहेब आले ते मध्यम वयाचे, कोट घातलेले, उन्हाने घामाघूम झालेले गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. मुलांना दटावत नव्हते, फक्त घाईत होते. टेबलावरचा तांब्या खाली उतरवला गेला, पुस्तक वर आलं, आणि एकेक मूल समोर उभं राहू लागलं. वाण्याच्या मुलाने गडगडाट केला. आणखी दोघांनी केला. मग ही मुलगी गेली.

साहेबांनी पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि शांतपणे फिरवून उलटं केलं.

वर्गात खसखस पिकली. साहेबांनी पुस्तक सरळ केलं. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पुस्तकाकडे, आणि पुन्हा फिरवायला हात पुढे केला. "अंहं," साहेब म्हणाले आणि पुस्तकावर तळवा ठेवला. "असंच. वाच."

ती एकेक अक्षर लावू लागली. अक्षरं फळ्यावर शिकली होती म्हणून ओळखत होती, पण अनोळखी माणसाचं तोंड न्याहाळावं तशी. पहिला शब्द झाला, दुसरा लागेना. कपाळावर घाम आला. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, खरंच पाहिली, आणि मग म्हणाले, "बाई, हिला पुस्तक धरायचंसुद्धा कळत नाही. पुढच्या वर्षी बघू."

वन्संचा चेहरा मी पाहिला. त्या गोंधळल्या होत्या. मी त्यांना गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. पण त्या वाद घालायला गेल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

दुपारचं जेवण साहेबांना आमच्याकडून जायचं होतं. मी डबा घेऊन आले तेव्हा मुलं पांगली होती. साहेब शाळेच्या पडवीत हात धूत होते. आत वन्सं जमिनीवर बसल्या होत्या आणि समोर ती मुलगी, मिठागरावरून न्याहारीचं भांडं घेऊन नुकतीच परतलेली.

"मला वाचून दाखव," वन्सं म्हणत होत्या. "साहेबांना दाखवायचं तसं नको. रोज वाचतेस तसं."

मुलीने पुस्तक घेतलं, वन्संच्या पुढ्यात त्यांना सरळ दिसेल असं ठेवलं, आणि स्वतः पलीकडे जाऊन मांडी घालून बसली. मला वाटलं, बाईंना मान देतेय. मग ती वाचू लागली. सरळ, स्वच्छ, ओळीवर बोट ठेवून. बोट तिच्या उजवीकडून डावीकडे सरकत होतं.

वन्सं उठल्या, वळसा घालून तिच्या पाठीमागे गेल्या आणि तिच्या खांद्यावरून पुस्तकाकडे पाहू लागल्या. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, इथे ये. इथून बघ. अगं, ही वर्षभर इथून बघतेय."

मी जाऊन पाहिलं. शिरोरेघा खाली, मात्रा-वेलांट्या लोंबत्या, ओळ उजवीकडून सुरू होऊन डावीकडे पळणारी. मी इतकी वाचणारी, पण मला एक शब्द धड लागेना.

"पाठ असेल वन्सं," मी म्हटलं. "रोज ऐकून."

"साहेबही हेच म्हणतील," त्या म्हणाल्या. "म्हणून तिने न पाहिलेलं काहीतरी हवं." आणि इकडेतिकडे पाहू लागल्या. शाळेत तिने न पाहिलेलं असं छापील काही नव्हतंच.

साहेबांचं जेवण झालं. आमसुलाच्या साराची त्यांनी तारीफ केली, खुर्ची टेबलाशी ओढली आणि येताना आणलेलं वर्तमानपत्र समोर पसरलं. वन्संनी मुलीचा हात धरला आणि तिला टेबलाच्या या बाजूला, साहेबांच्या बरोबर समोर आणून उभं केलं.

"साहेब, आपण वाचत राहा. कागद हलवू नका, एवढंच. ही आपल्याला वाचून दाखवील."

"इथून?" साहेब म्हणाले.

"तिथूनच."

मुलीने टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकली. मोठ्या ठशातली एक जाहिरात होती, तिथे तिने बोट ठेवलं.

"खोकला... जुना... असो वा... नवा," ती वाचू लागली. "एका... बाट..." थांबली. मागे गेली. "एका बाटलीत... आराम."

साहेबांनी जाहिरातीकडे पाहिलं, मग मुलीकडे. त्यांनी पान उलटलं, आणि हे मला आवडलं, स्वतःचं बोट स्वतःच एका बातमीवर ठेवलं. जोडाक्षराशी ती अडली. तोंडातल्या तोंडात दोनदा जुळवलं आणि पुढे गेली. तांदळाच्या भावाबद्दल काहीतरी होतं. वाचता वाचता ती मध्येच म्हणाली, "आमच्याकडं तर याच्याहून म्हाग हाय."

साहेब मोठ्याने हसले. वन्सं हसल्या नाहीत. त्यांचं सगळं लक्ष मुलीच्या बोटावर होतं.

"उलटं वाचतेय ही!" साहेब म्हणाले.

"उलटं म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही, साहेब. एका पुस्तकाभोवती सहा मुलं बसतात. ही उशिरा येते, बापाची न्याहारी पोचवून. राहिलेली जागा हिची. वाचायला ती त्या जागेवर शिकली, आणि मी तिचं वाचन नेहमी त्याच जागेवर ऐकलं. सकाळी आपण पुस्तक दिलंत, तिने रोजच्यासारखं ते समोरच्याला सरळ दिसेल असं वळवलं. आपण तपासणार म्हणजे पुस्तक आपल्यासमोर असणार, असा तिचा हिशेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अशी पुस्तक फिरवणारी मुलं मी पूर्वीही पाहिली आहेत, बाई," ते म्हणाले. "दुसऱ्या गावांतून. मी त्यांना..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. सकाळचा शेरा खोडला आणि मुलीला विचारलं, "दुसरीत बसशील?"

"सरल बाजूला बसू का या बाजूला?" तिने विचारलं.

"ते तुझ्या बाईंना विचार."

साहेब गेल्यावर मला वाटलं, वन्सं आता जरा टेकतील. त्यांनी परत आलेल्या मुलांना कोंडाळ्यात बसवलं आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या जागेवरून, मग दुसऱ्याच्या जागेवरून वाचायला लावलं. पुस्तकाच्या कडेला बसणारी दोघं मान वाकडी केल्याशिवाय वाचू शकत नव्हती. वाण्याच्या मुलाला पलीकडे बसवलं तर तो रडकुंडीला आला. ती मुलगी त्याला म्हणाली, "रडू नको. सोप्पा हाय. शेपटाकडनं वाचाचा."

ऊन कलल्यावर आम्ही दोघी मुलीला घेऊन मिठागरावर गेलो. पांढऱ्या ढिगांच्या कडेला बाप मीठ ओढत होता. आम्हाला पाहून त्याने हातातलं थांबवलं.

"झाली का न्हाय?"

"झाली," वन्सं म्हणाल्या. "चांगली झाली."

"मंग दुपारी रडत कशी आलती न्याहारीचा भांडा घ्यायला?"

"मी न्हाय रडले," मुलगी म्हणाली. "घाम व्हता."

बापाने शब्द दिला होता, आणि शब्दाचा माणूस होता. पण घरातलं तान्हं काही साहेबांच्या शेऱ्याने मोठं झालं नव्हतं. शेवटी तो अर्धवट थट्टेने म्हणाला, "मंग पोराला पन हिच्यासंगतीच धाडू का, बाय? तुमीच बघा त्याला."

"धाडा," वन्सं म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या. घरी येताना मी म्हटलं, "वन्सं, शाळेत तान्हं मूल? वरून विचारतील."

"विचारू देत. मी त्यांना तिचं वाचन ऐकवीन."

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी ती मुलगी भावाला कडेवर घेऊन आली आणि दारातच थांबली. वन्संनी आमच्या घरून आणलेलं जुनं लुगडं खोलीच्या आढ्याला बांधलं, झोळी ओढून भक्कम असल्याची खात्री केली आणि पोराला आत ठेवलं. मग झोळीच्या बरोबर खाली दुसरीचं कोंडाळं बसवलं आणि म्हणाल्या, "ज्याची वाचायची पाळी नसेल, त्याने झोका द्यायचा."