डब्याच्या आडून पळताना

आमच्या घरी पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. हुंडाबंदीची, स्त्रीमुक्तीची. वडील ती अंबडच्या बाजारात वाटायचे आणि मी ती वाचूनच वाचायला शिकले. त्यामुळे नववीत तालुक्याच्या आठशे मीटर शर्यतीला नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा घरून आडकाठी येईल असं मला वाटलंच नाही. एवढी मी भोळी.

पळायचं कुठे, हा पहिला प्रश्न. शाळेच्या मैदानावर गावाचं सोयाबीन वाळत असायचं, ते उचललं की मका. ग्रामपंचायतीनं ओपन जिम बसवली, तीही पाराला चिकटून. तिथल्या सायकलीवर माणसं तंबाखू मळत बसतात. पायडल मारताना मी आजवर एकालाही पाहिलेलं नाही. त्यांच्यासमोरून शेताच्या रस्त्यानं मी रिकाम्या हातानं पळाले, तर पहिल्याच दिवशी एकजण म्हणाला, "कोणाच्या मागं लागली गं?"

पण डबा घेऊन निघालेल्या पोरीला आमचं गाव काही विचारत नाही. ऊन, भरलेला डबा, दीड किलोमीटर. ते काम. मग मी रोज दुपारच्या सुट्टीत वडिलांचा डबा घेऊन पळू लागले. रस्ता तोच, पाय तेच, आणि तीच माणसं आता म्हणत, "बापाची काय काळजी हाय पोरीला!"

महिनाभर वडिलांना अर्धं वरण डब्यात आणि अर्धं फडक्यात मिळालं. शेवटी एकदा बांधावर उभं राहून त्यांनी मला येताना पाहिलं.

"पळून राह्यली का तू?"

"शर्यत हाय, अप्पा. शाळेच्या कागदावर तुमची सही लागती."

"चार लोकं वळखतात मला. सही-बिही न्हाई. उद्यापासून चालत यायचं, बराबर."

म्हणजे मुक्ती बाजारातल्या बायकांची. घरच्या पोरीनं वरण सांभाळायचं.

संध्याकाळी आईनं तो कागद मागून घेतला. बचत गटात ती सही करायला शिकली होती. एकेक अक्षर थांबून काढत तिनं सही केली. वडील बघत होते.

"मंग त्या दिवशी डबा कोण आणनार?"

"घरी येऊन जेवा. पाय हायत की तुम्हाला," आई मान वर न करता म्हणाली.

शर्यतीत मी चौथी आले. जिल्ह्याला तिघीच गेल्या, त्याचा सल अजून आहे. वडील त्या दुपारी जेवायला घरी आले होते, असं आईकडून कळलं. दीड किलोमीटर. मोटारसायकलवर.